पहिला नफा कुणाच्या खिशातून येतो?

उसाचे बिल खात्यावर जमा झाले, मोंढ्यात कापसाची पट्टी हाती पडली, मुकादमाने कोयत्याची उचल मोजून दिली किंवा रियाध-दुबईहून मुलाने पैसे पाठवले, की माजलगावात चार दिवस हातात पैसा दिसतो. त्यातून उधारी फिटते, मुलीच्या लग्नासाठी दोन ग्रॅम सोने होते, घराची पत्रे बदलतात. वर्षभर घाम गाळून आलेल्या या पैशावर आता एका नव्या धंद्याचा डोळा आहे. त्याचे दुकान मोंढ्यात नाही, बसस्थानकाजवळ नाही. ते घरातल्या प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे आणि त्याच्यावर 'सट्टा' अशी पाटी नाही.

आमच्या मते सगळी मेख या पाटीतच आहे. मटक्याच्या टपरीवर आपल्या घरातला माणूस उभा राहिला तर चार लोक त्याला हटकतील. जुगार हराम आहे हे मदरशात जाणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण तोच जुगार 'गुंतवणूक', 'प्लॅन', 'पॅकेज', 'ट्रेडिंग' अशी नावे घेऊन आला की दार उघडले जाते. सांगणारा म्हणतो, तुम्हाला काहीच खेळायचे नाही. आमची तज्ज्ञांची टीम सामन्यांवर पैसे लावते, तुम्ही फक्त भांडवल द्या आणि रोजचा नफा घ्या. म्हणजे फासे दुसऱ्याच्या हातात, आपण नुसते भागीदार. मनाची समजूत घालायला एवढे पुरते.

२०२२ साली गुजरातेत 'दानी डेटा' नावाचे ॲप असेच पसरले. फुटबॉलच्या सामन्यांवर पैसे लावायचे आणि रोज पाऊण टक्का नफा, तोही हमखास, अशी त्याची बोली होती. ते चालवणारा चिनी नागरिक असल्याचे पोलिसांनी सांगितले. लोकांचे पैसे आत गेले आणि एक दिवस ॲप बंद पडले. पाऊण टक्का ऐकायला किती किरकोळ वाटतो! शंभर रुपयांवर पंचाहत्तर पैसे. इयत्ता आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज आहे. मुलाला वही घेऊन जवळ बसवा आणि हेच उदाहरण सोडवायला सांगा. दहा हजार रुपये रोज पाऊण टक्क्याने वाढत गेले तर वर्षाच्या शेवटी दीड लाखाच्या वर जातात. दुसऱ्या वर्षी तेवीस लाख. तिसऱ्या वर्षी साडेतीन कोटी. असा धंदा ज्याच्या हाती लागला असेल तो तुमच्या-आमच्याकडे दहा हजार मागायला कशाला येईल?

तरीही माणसे पैसे देतात. त्यांना केवळ लोभी म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. फसवणारा लोभाच्या आधी विश्वास कमावतो, आणि तो खरे पैसे देऊन कमावतो.

एक तरुण डोळ्यांसमोर आणा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आठ-दहा हजारांवर काम करतो, वडील हमाली करतात, लहान बहिणीचे लग्न ठरायचे आहे. कुणीतरी त्याला टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेते. आत शेकडो लोक. रोज सकाळी 'आजचा प्लॅन', रात्री नफ्याचे फोटो, 'शुक्रिया सर', 'अल्हम्दुलिल्लाह, आज तीन हजार आले' असे निरोप. त्यातले बहुतेक निरोप धंद्याच्याच माणसांनी वेगवेगळ्या नंबरांवरून टाकलेले असतात, पण हे त्याला कसे कळावे? तो आठ दिवस नुसता पाहतो. मग पाचशे रुपये टाकतो. दुसऱ्या दिवशी सहाशे वीस दिसतात. तो हुशार आहे, म्हणून आधी पैसे परत निघतात का ते तपासतो. निघतात! बँकेचा मेसेज येतो. आता पाच हजार टाकतो, तेही वाढून येतात.

हे वरचे एकशे वीस रुपये कुठून आले? सामना कुणी जिंकला म्हणून नाही. त्याच्या मागून आलेल्या दुसऱ्या कुणाच्या पाचशे रुपयांतून ते काढून दिले. धंदेवाल्याच्या हिशेबात तो खर्च जाहिरातीचा आहे. कारण हा तरुण आता गप्प बसणार नाही. संध्याकाळी मामूंना सांगेल, खालाला सांगेल, दोस्तांना चहाच्या टपरीवर मोबाइल काढून दाखवेल. त्याला 'रेफरल'चा म्हणजे माणूस आणल्याचा बोनसही मिळतो. ग्रुपमधल्या अनोळखी 'सर'वर खालाने कधीच विश्वास ठेवला नसता. भाच्यावर ठेवते. भिशीचे पैसे, मुलीसाठी ठेवलेली बांगडी मोडून आलेले पैसे, सगळे त्याच्या हातून आत जातात. पुढे बुडाल्यावर खालाच्या दारात उभे राहून जाब द्यायचा तोही त्यालाच.

रक्कम मोठी झाली की खेळाची दुसरी बाजू सुरू होते. स्क्रीनवर चार लाख दिसतात पण निघत नाहीत. 'खाते तपासणीत आहे.' 'व्हीआयपी पातळी गाठण्यासाठी आणखी पन्नास हजार भरा.' 'सरकारी कर तीस टक्के आधी जमा करा, मग पूर्ण रक्कम मिळेल.' या शेवटच्या वाक्यात कितीतरी शिकलेली माणसे सापडतात, कारण ऑनलाइन खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर कापण्याची तरतूद आयकर कायद्यात खरोखर केली गेली होती. पण ती कापण्याची होती, म्हणजे देणाऱ्याने देतानाच वजा करायची. कर म्हणून कुणा खासगी माणसाच्या यूपीआयवर आधी पैसे पाठवा, असे कोणताच कायदा सांगत नाही. तरी माणूस पाठवतो. अडकलेले चार लाख सोडवायला उसने एक लाख आणतो. बरबादीचा मोठा हिस्सा याच टप्प्यावर होतो: नफ्याच्या आशेने जेवढे जाते त्याहून जास्त गेलेले परत मिळवण्याच्या धडपडीत जाते.

हे फक्त गरिबाचे किंवा अडाण्याचे होते असे कुणी समजू नये. जुलै २०२३ मध्ये नागपुरात उघडकीला आलेले प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले होते. तेथील एका व्यापाऱ्याची ऑनलाइन सट्ट्यात ५८ कोटींची फसवणूक झाल्याची तक्रार होती, आणि आरोप गोंदियाच्या सोंटू जैन नावाच्या बुकीवर होता. त्या व्यापाऱ्याने आधी नको-नको म्हटले, मग हवालामार्फत आठ लाख दिले. व्हॉट्सॲपवर लिंक आली आणि खात्यात आठ लाख दिसू लागले. सुरुवातीला तो जिंकत गेला. नंतर हरत गेला. साऱ्या हिशेबात जिंकलेले पाच कोटी आणि गेलेले अठ्ठावन्न. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि सोने सापडले. आयुष्यभर व्यापार केलेल्या, नफा-तोटा बोटांवर मोजणाऱ्या माणसाची ही गत. पाचशे रुपयांवर एकशे वीस देणे आणि आठ लाखांवर सुरुवातीचे विजय देणे, यात रक्कम सोडली तर काय फरक आहे?

'महादेव' ॲपच्या प्रकरणात धंद्याची आतली रचनाही बाहेर आली. छत्तीसगडमधील भिलाईचे सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल हे त्याचे सूत्रधार असून कारभार दुबईतून चालतो, असे ईडीने म्हटले. गावोगावच्या माणसांना 'पॅनेल' म्हणजे शाखा चालवायला द्यायच्या, नफा सत्तर-तीस वाटून घ्यायचा. व्हॉट्सॲपवर 'आयडी' मिळतो, पैसे कधी या खात्यात तर कधी त्या खात्यात भरायला सांगतात. खेळाची मांडणी अशी की पॅनेलवाला दीर्घकाळात कधी तोट्यात जातच नाही, हेही ईडीच्या तपासातलेच म्हणणे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेवसह २२ ॲप व संकेतस्थळे बंद केली. पण असे एक नाव बंद झाले की दुसऱ्या नावाने तोच आयडी चालू होतो.

मुलांमध्ये 'कलर'चा खेळ फार पसरला आहे. दर काही मिनिटांनी लाल की हिरवा हे सांगायचे. त्याचेही 'गुरू' असतात. ते शिकवतात की हरलात तर पुढच्या वेळी दुप्पट लावा, कधीतरी जिंकालच आणि सगळे वसूल होईल. शंभरापासून सुरुवात करून सलग सात वेळा हरले तर १२,७०० रुपये गेलेले असतात आणि आठव्या वेळी १२,८०० लावावे लागतात. एवढे करून जिंकले तर हाती नफा शंभर रुपये. तेही रंग आधीच कुणी ठरवत नसेल, असे मानले तर.

कुरआनमध्ये सूरह अल-बकराच्या २१९व्या आयतीत मद्य आणि जुगार यांच्यात लोकांसाठी काही फायदे असल्याचे नाकारलेले नाही; त्यातला गुन्हा मात्र फायद्याहून मोठा आहे, असे बजावले आहे. पहिल्या दिवशीचे एकशे वीस रुपये पाहिलेल्या माणसाला ही आयत समजावून सांगणे सोपे जाते. सूरह अल-माइदाच्या ९०-९१ या आयतींत जुगाराला सैतानी कृत्य म्हटले असून, त्यातून माणसामाणसांत वैर पडते आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून माणूस दूर जातो, हे कारणही दिले आहे. कुरआनचा मूळ शब्द 'मैसिर'. त्याचे नाते सहजपणे, विनासायास मिळण्याशी आहे, असे अनेक भाष्यकार सांगतात. ज्या सौद्यात काय विकले जात आहे आणि काय मिळणार हेच संदिग्ध आहे, तो 'गरर'चा सौदा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मना केला.

आणि एक हदीस आम्हाला या काळासाठी विशेष वाटते. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे: सोबत्याला जुगाराचे नुसते आमंत्रण देणाऱ्यानेही सदका करावा, अशी ताकीद तीत आहे. खेळला की नाही, हरला की जिंकला, हा प्रश्न पुढचा. बोलावणे हीच चूक. रेफरलचा बोनस घेऊन भाऊबंदांना ग्रुपमध्ये जोडणाऱ्याने याचा विचार करावा.

मात्र 'हराम' शब्दाला घाबरणाऱ्या आपल्या समाजासाठी फसवणाऱ्यांनी वेगळीच पाटी तयार ठेवली आहे. ती 'हलाल'ची. हैदराबादच्या हीरा गोल्डने व्याजमुक्त, शरिअतनुसार गुंतवणूक म्हणत वर्षाला छत्तीस टक्क्यांपर्यंत परताव्याची आशा दाखवली. प्रमुख नौहेरा शेख यांना ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. बंगळुरूच्या आय मॉनेटरी ॲडव्हायझरी म्हणजे 'आयएमए'मध्ये ठेवीदाराला 'भागीदार' म्हणत. दर महिन्याला नफा यायचा. जून २०१९ मध्ये मन्सूर खान परदेशात निघून गेले, पुढच्याच महिन्यात दिल्ली विमानतळावर पकडले गेले; त्याआधीच, ते निघून गेल्यावर काही दिवसांतच, हजारो कुटुंबे तक्रारीसाठी रांगेत होती. त्यांत बहुसंख्य मुस्लिम होते. विधवा होत्या, हजसाठी पैसे साठवलेले वृद्ध होते. व्याज नको म्हणून बँकेत न ठेवलेला पैसा. त्या लोकांची नियत साफ होती, म्हणूनच त्यांचे अधिक वाईट वाटते. खऱ्या भागीदारीत तोटाही वाटून घ्यावा लागतो. दर महिन्याला ठरलेला नफा मिळतो आणि तोटा कधीच होत नाही, तेव्हा तिला भागीदारी कसे म्हणायचे, हा प्रश्न विचारायला आलिम असण्याची गरज नव्हती. काही आलिमांनी तर त्या कंपनीची वाहवाही केली होती, हे खेदाने नमूद करावे लागते.

आपल्या बीड जिल्ह्याला तर बुडालेल्या ठेवींची वेगळी ओळख करून द्यायला नको. ज्ञानराधा मल्टिस्टेटचे प्रकरण सट्ट्याचे नव्हे. ती पतसंस्था होती, कार्यालये होती, पासबुके होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये कुटे उद्योगसमूहावर आयकर खात्याचे छापे पडले, ठेवीदारांच्या रांगा लागल्या, पैसे मिळेनासे झाले. जून २०२४ मध्ये अध्यक्ष सुरेश कुटे यांना अटक झाली. ठेवीदार चार लाखांच्या घरात, आणि ठेवींचा पैसा कर्ज म्हणून समूहाच्याच कंपन्यांकडे वळवल्याचा ईडीचा आरोप. प्रकरण न्यायालयात आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. ही साधी गोष्ट ठेव ठेवताना किती जणांना कुणी सांगितली होती? येथे हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. एकदा बुडालेला माणूस सावध होतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात पोरीच्या लग्नाची तारीख पुढे उभी असते आणि भोक बुजवायला तो आधीपेक्षा जास्त घाईने पैसा शोधतो. 'बुडालेली ठेव काढून देतो, आधी फी भरा' असे म्हणणारे भामटे अशाच घाईवर जगतात.

आता शाळा-कॉलेजच्या मुलांच्या आईवडिलांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. या धंद्याला खेळणाऱ्यांइतकीच गरज बँक खात्यांची असते, कारण लुटलेला पैसा कुणाच्या तरी खात्यातून फिरवावा लागतो. म्हणून अठरा-वीस वर्षांच्या मुलाला सांगतात: तुझे खाते, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला दे, महिन्याला पाच-दहा हजार घे, तुला काहीच करायचे नाही. मुलाला वाटते, रिकामेच तर खाते आहे. मग त्या खात्यातून कुणाचे तरी लाखो रुपये जातात, फसलेला माणूस तक्रार करतो, बँक खाते गोठवते, आणि परराज्यातले पोलीस माजलगावात पत्ता विचारत येतात. कागदावर आरोपी कोण? ज्याच्या नावावर खाते आहे तो. आमच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलांना आम्ही हे दरवर्षी सांगतो, आणि प्रत्येक वेळी एखाद-दुसरा चेहरा पडलेला दिसतो.

कायदा आता बराच कडक झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, त्याने बंद ठरवले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला वीस हजार कोटी रुपये घालवतात, असा अंदाज सरकारने तेव्हा दिला होता. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला पीडित मानले आहे. ही बाब घराघरांत पोहोचायला हवी, कारण 'पोलिसांत गेलो तर मलाच धरतील' या भीतीने कितीतरी जण तोंड उघडत नाहीत.

त्याहून मोठी भीती अब्बांची असते. मुलगा जेवणावरून लवकर उठतो, रात्री दोनपर्यंत मोबाइलवर असतो, फोन आला की बाहेर जातो, छोट्या-छोट्या उसनवाऱ्या करतो, अम्मीच्या कपाटाच्या किल्ल्या विचारतो. घरात सगळ्यांना काहीतरी दिसत असते आणि कुणी विचारत नाही. विचारले तर मारहाण आणि 'खानदान की नाक कटवा दी'. मग तो आणखी महिनाभर लपवतो आणि त्या महिन्यात रक्कम चौपट होते. पहिल्या पाच हजारांच्या वेळीच घरात सांगता आले असते तर? भाईजानने, आपाने किंवा ज्या चाच्याशी त्याचे जमते त्याने शांतपणे एवढेच विचारावे: एकूण किती, कुणाकडून घेतले, आणखी कुणाला यात ओढलेस का? तिसरा प्रश्न सोडू नये. त्याच्यामागे चार घरे असतात आणि ती अजून वाचू शकतात.

कर्जाचे सगळे आकडे एका कागदावर लिहून काढावेत. लेनदेन लिहून ठेवण्याबद्दलची सूरह अल-बकराची २८२वी आयत कुरआनमधली सर्वांत मोठी आयत आहे. तिची आठवण आपल्याला भांडण झाल्यावर येते. २८०व्या आयतीत अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला सवड देण्याची आणि जमल्यास माफ करण्याची शिकवण आहे. नात्यातल्या सावकारांसमोर ती मोहल्ल्यातल्या एखाद्या बुजुर्गाने मांडली तर हप्ते ठरू शकतात. मोबाइलवरच्या कर्ज देणाऱ्या ॲपकडून नवे कर्ज काढून जुने फेडू नये. मुलगा फार गप्प झाला, जगण्याला कंटाळल्यासारखे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नये; टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि फोन मोफत आहे.

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. उद्या नको, सकाळी नको, लगेच. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकत जातो आणि शेवटी रोकड होऊन निघतो. मधल्या कुठल्यातरी खात्यात तो सापडला तर गोठवता येतो. फोनवर बँकेचे नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारतात. बँकेचे मेसेज, ग्रुपमधले संवाद, ज्या यूपीआयवर पैसे पाठवले ते नाव, सर्वांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. रागाच्या भरात ॲप आणि ग्रुप पुसून टाकू नयेत, पुरावा जातो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. माजलगावच्या पोलीस ठाण्यात किंवा बीडच्या सायबर पोलीस ठाण्यात जाताना आधारकार्ड, पासबुकाचा उतारा आणि त्या स्क्रीनशॉटच्या छापील प्रती सोबत न्याव्यात, आणि तक्रारीची पोच मागून घ्यावी. मुलाला एकट्याला पाठवू नये. घरातले कुणीतरी मोठे माणूस त्याच्याबरोबर जावे.